कोण कोणाला खातं, एवढ्यावर परिसंस्था कळते का?

दगडफूल (धागाकर्ता)

शाळेच्या पुस्तकातलं अन्नसाखळीचं चित्र सगळ्यांनीच पाहिलेलं असतं. गवत, नाकतोडा, बेडूक, साप, गरुड आणि मध्ये बाण. चित्र खोटं नाही, पण ते एकाच प्रश्नाचं उत्तर देतं. एखादा जीव एखाद्या जागी का टिकतो, किती संख्येनं टिकतो आणि अचानक का नाहीसा होतो, हे त्या बाणांवरून कळत नाही. माझं म्हणणं असं की दोन जीवांमधलं नातं बऱ्याचदा तिसऱ्याच कुणावर अवलंबून असतं. हा तिसरा कधी जीव असतो, तर कधी ऊन, पाणी किंवा माती.

माझं सगळ्यात आवडतं उदाहरण ब्रिटनमधल्या लार्ज ब्लू नावाच्या फुलपाखराचं आहे. त्याची मादी रानटी थाइमच्या कळ्यांवर अंडी घालते. अळी पहिले सुमारे तीन आठवडे फुलं खाते आणि मग जमिनीवर पडून राहते. तिच्या अंगातून गोड स्राव येतो, तिचा वासही मुंग्यांच्या पिल्लांसारखा असतो. त्यामुळे मर्मिका गटातली तांबडी मुंगी तिला आपलंच पिल्लू समजून उचलून वारुळात नेते. पुढचे जवळजवळ दहा महिने ही अळी वारुळात मुंग्यांची पिल्लं खात वाढते.

गेल्या शतकात हे फुलपाखरू कमी होत गेलं. आधी संशय संग्राहकांवर आला, म्हणून काही जागांना कुंपणं घातली गेली. तरी ते घटतच राहिलं. संशोधक जेरेमी थॉमस यांनी १९७०च्या दशकात शेवटच्या वसाहतींचा बारकाईनं अभ्यास केला तेव्हा खरं कारण समोर आलं. अळी नीट वाढते ती प्रामुख्यानं मर्मिका सॅब्युलेटी या एकाच जातीच्या वारुळात, आणि त्या मुंगीला उबदार जमीन लागते. उतारावरचं गवत अगदी आखूड असेल तरच ऊन थेट मातीपर्यंत पोचतं. गवत काही सेंटिमीटर वाढलं तरी माती थंड पडते आणि दुसऱ्या जातीच्या मुंग्या जागा घेतात. गवत आखूड ठेवत होते ससे आणि चरणारी गुरं. १९५३ साली मिक्सोमॅटोसिसचा विषाणू ब्रिटनमध्ये पोचला आणि बहुतेक ससे मेले. बऱ्याच उतारांवरची चराईही बंद झाली होती. कुंपणांनी तर चरणारी जनावरंही बाहेर ठेवली. १९७९ साली फुलपाखरू ब्रिटनमधून नामशेष झालं.

थाइम जागेवर होतं, मुंग्याही होत्या, पण दुसऱ्या जातीच्या. बदललं होतं ते मातीचं तापमान. नंतर चराई पुन्हा सुरू केली, १९८३पासून स्वीडनमधून अळ्या आणून सोडल्या आणि आज ते तिथे पुन्हा उडतं. सशांना झालेल्या रोगाचा फुलपाखराशी संबंध लावायचा तर बाणांचं कुठलं चित्र काढणार?

तुमच्याकडची उदाहरणं लिहा. मतभेद असतील तर तेही लिहा.

*

ओंजळ

अप्रतिम उदाहरण! कुंपण घालून जपायला जावं आणि त्यानंच नुकसान व्हावं, हे वाचून सुन्न झाले. वाचते आहे, अजून येऊ द्या.

*

पाणकावळा

धाग्यासाठी धन्यवाद दगडफूल. समुद्रकिनाऱ्यावरचं उदाहरण देतो, कारण या विषयातला एक पायाभूत प्रयोग तिथेच झाला.

रॉबर्ट पेन यांनी १९६३ साली अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या मका बे इथे भरती-ओहोटीच्या पट्ट्यातला खडकाचा एक तुकडा निवडला. शेजारचा तुकडा तुलनेसाठी तसाच ठेवला. निवडलेल्या तुकड्यावरचा प्रत्येक तारामासा त्यांनी पहारीनं उचकटून समुद्रात फेकला, आणि पुन्हा पुन्हा येऊन हेच करत राहिले. तारामासा तिथला वरचा भक्षक. तो काढला तर बाकीचे जीव सुखानं वाढतील असं कुणालाही वाटेल. पण वर्षभरातच तिथल्या १५ मुख्य जातींच्या ८ झाल्या, आणि पुढे शिंपल्यांनी जवळजवळ सगळा खडक व्यापला. तिथे टंचाई अन्नाची नव्हती, चिकटून बसायच्या जागेची होती. शिंपले या स्पर्धेत सगळ्यांना भारी पडतात, आणि तारामासा नेमका त्यांनाच खाऊन इतरांसाठी जागा मोकळी ठेवत होता. १९६९मध्ये पेन यांनी अशा जातींना कीस्टोन म्हटलं. मराठीत आपण कळीची प्रजाती म्हणतो.

दुसरं उदाहरण समुद्री ऊदांचं. कातड्यासाठी त्यांची बेसुमार शिकार झाली आणि १९११च्या कराराने ती थांबवली तोवर थोडीच ठिकाणं उरली होती. जेम्स एस्टेस आणि जॉन पामिसानो यांनी १९७४ साली अल्यूशन बेटांवर तुलना मांडली. ज्या बेटाभोवती ऊद होते तिथे केल्प या उंच वाढणाऱ्या समुद्री शेवाळाची घनदाट पाणवनं होती. जिथे ऊद नव्हते तिथे समुद्रतळ सी अर्चिन या काटेरी, गोल जीवांनी कुरतडून बोडका केला होता. ऊद केल्प खात नाही. तो अर्चिन खातो, अर्चिन केल्प खातात आणि केल्पच्या आडोशाला मासे वाढतात. म्हणजे तुमचा ‘तिसरा’ इथेही आहेच.

*

ओंजळ

एक शंका. मग भक्षक असणं नेहमी गरजेचंच का? भक्षक नसेल तर खाणारे प्राणी भरमसाट वाढतात आणि सगळं संपतं, असा सरळ नियम आहे का?

*

दगडफूल

ओंजळ, नियम इतका सरळ नाही, पण या प्रश्नाला लागून एक हकिगत आहे. बेरिंग समुद्रात सेंट मॅथ्यू नावाचं बेट आहे. १९४४ साली अमेरिकेच्या तटरक्षक दलानं तिथल्या तळावरच्या माणसांसाठी अडीअडचणीचं अन्न म्हणून २९ रेनडियर सोडले. युद्ध संपलं, माणसं निघून गेली, रेनडियर राहिले. त्यांना मारणारं तिथे कुणी नव्हतं आणि दगडफुलांचा जाड थर सगळीकडे पसरलेला होता.

संशोधक डेव्हिड क्लाइन १९५७ साली तिथे गेले तेव्हा १,३५० रेनडियर होते, अंगानं धष्टपुष्ट. १९६३ साली ६,००० झाले होते, पण वजनं घटली होती आणि दगडफुलांचा थर बऱ्याच ठिकाणी उरला नव्हता. त्यानंतरचा हिवाळा अतिशय कडक गेला. १९६६ साली मोजणी झाली तेव्हा ४२ रेनडियर जिवंत होते. त्यात नर एकच, आणि तोही धड नव्हता. पिल्लू एकही नाही. पुढे तो कळप संपूनच गेला.

धारणक्षमता म्हणजे एखादा अधिवास किती जीवांना दीर्घकाळ पोसू शकतो ती मर्यादा. पुस्तकात ती आडव्या रेषेनं दाखवतात आणि संख्या वाढत वाढत त्या रेषेला टेकून स्थिरावते. सेंट मॅथ्यूवर ती रेषाच खाली आली, कारण दगडफूल अतिशय हळू वाढतं. खाल्लेलं भरून यायला दशकं लागतात. गवतासारखं झपाट्यानं वाढणारं खाद्य असतं तर कदाचित संख्या खाली-वर होत राहिली असती. म्हणजे भक्षक नसणं हा अर्धाच भाग झाला. खाद्य किती वेगानं पुन्हा येतं आणि एखादा हिवाळा किती कडक जातो, हा दुसरा अर्धा.

*

सप्तपर्णी

दगडफूल यांच्या मुद्द्याला जोड देते. भक्षक की अन्न, हा वाद कॅनडाच्या युकॉन भागात प्रत्यक्ष मोजून पाहिला गेला आहे. तिथल्या सशांची (स्नोशू हेअर) संख्या साधारण दर दहा वर्षांनी शिखर गाठते आणि कोसळते, मागोमाग लिंक्स हा रानमांजराचा भाऊबंदही वाढतो आणि घटतो. चार्ल्स क्रेब्स आणि सहकाऱ्यांनी काही भूखंडांवर सशांना जादा अन्न दिलं, काही ठिकाणी विजेच्या कुंपणानं भक्षक बाहेर ठेवले, एका ठिकाणी दोन्ही केलं. १९९५ साली निष्कर्ष छापले. नुसते भक्षक रोखले तर सशांची घनता दुप्पट झाली, नुसतं अन्न वाढवलं तर तिप्पट. दोन्ही केलं तर अकरा पट. दोन आणि तीन यांची बेरीज करूनही अकरा येत नाहीत आणि गुणाकार करूनही येत नाहीत. भुकेला ससा खाद्याच्या शोधात जास्त उघड्यावर फिरतो आणि सापडतो. दोन्ही कारणं एकमेकांत अशी मिसळलेली असतात.

*

निशाचर

उदाहरणं छान आहेत, पण एक धोक्याची सूचना द्यावीशी वाटते. या गोष्टी ऐकायला इतक्या सुरेख असतात की पुराव्याच्या पुढे पळतात.

अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाचे लांडगे घ्या. तिथले शेवटचे लांडगे १९२६ साली मारले गेले. १९९५ आणि १९९६मध्ये कॅनडातून ३१ लांडगे आणून सोडले. त्यानंतर ‘लांडग्यांनी नद्यांची वाट बदलली’ अशी चित्रफीत जगभर फिरली. त्यातली साखळी अशी: लांडगे आले, एल्क हरणं कमी झाली, विलोची झुडपं वाढली, काठ घट्ट झाले. काही ठिकाणी विलो वाढली हे खरंच आहे. पण उत्तरेकडच्या ओढ्यांवर २००१पासून चाललेल्या प्रयोगात असं दिसलं की नुसती हरणं दूर ठेवून विलो पुरेशी उंच होत नाही. ओढ्यांवर बंधारे घालणाऱ्या बीव्हर या प्राण्याच्या बंधाऱ्यांसारखे कृत्रिम बांध घालून भूजल वर आणलं आणि हरणंही रोखली, तिथेच ती जोमानं वाढली. लांडगे नसताना हरणांनी विलो खाल्ली, विलो नाही म्हणून बीव्हर गेले, बंधारे फुटले, ओढे खोल कापले गेले आणि पाणी खाली गेलं. आता लांडगे परतले म्हणून ते पाणी आपोआप वर येत नाही. शिवाय एल्क कमी होण्यात अस्वलं, प्यूमा, उद्यानाबाहेरची शिकार आणि दुष्काळ यांचाही वाटा आहे.

काढून टाकलेला जीव परत आणला की सगळं पूर्ववत होतं, हा समज धोकादायक आहे. त्यामुळे असलेलं गमावायची भीती कमी होते.

*

पाणकावळा

निशाचर, मुद्दा पटला, आणि शेवटचं वाक्य तर फारच महत्त्वाचं आहे. फक्त एक भर घालतो. तुम्ही सांगितलेली हकिगत भक्षकाचं महत्त्व कमी करत नाही, उलट वाढवते. लांडगे नसल्याचा परिणाम सत्तर वर्षं साठत गेला आणि शेवटी जमिनीच्या आकारातच उतरला. जीव परिस्थितीनुसार बदलतात हे आपण शिकतो, पण जीव परिस्थितीच घडवतात हे फारसं शिकवलं जात नाही. बीव्हर त्याचं ठळक उदाहरण. लाकूड आणि चिखलाचा बंधारा घातला की वाहत्या ओढ्याचं तळं होतं, आणि बेडकांपासून बदकांपर्यंत सगळ्यांसाठी नवा अधिवास तयार होतो. अशा जीवांना परिसंस्थेचे अभियंते म्हणतात.

*

अभ्यासू_वाचक

दहा टक्क्यांच्या नियमाबद्दल कुणी सांगेल का? अन्नसाखळीच्या प्रत्येक पायरीवर दहाच टक्के ऊर्जा पुढे जाते असं पाठ केलं होतं. दहाच का?

*

सप्तपर्णी

मी हाच विषय शिकवते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. दहा हा काही निसर्गाचा स्थिरांक नाही. मिनेसोटातल्या सीडर बॉग लेक या छोट्या तळ्याचा रेमंड लिंडमन यांनी अभ्यास केला आणि एका पायरीवरून दुसरीवर किती ऊर्जा जाते याचा हिशोब मांडला. त्यांचा लेख १९४२ साली छापून आला त्याच्या काही महिने आधीच, अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी, ते गेले. प्रत्यक्षात हे प्रमाण साधारण ५ ते २० टक्क्यांच्या दरम्यान हलतं. दहा ही लक्षात ठेवायला सोपी सरासरी.

बाकीची ऊर्जा जाते कुठे? बरंचसं खाल्लंच जात नाही. खाल्लेल्यातलं काही विष्ठेतून बाहेर पडतं. पचलेल्यातला मोठा भाग श्वसनात खर्च होऊन उष्णता बनतो, आणि ती उष्णता कुठलीही वनस्पती पुन्हा वापरू शकत नाही. म्हणूनच साखळ्या चार-पाच पायऱ्यांच्या पुढे क्वचित जातात आणि मोठे शिकारी नेहमी थोडेच असतात.

मुलांचा हमखास गोंधळ होतो तो ऊर्जा आणि पोषकद्रव्यं यांच्यात. ऊर्जा एकाच दिशेनं वाहते आणि निघून जाते. नायट्रोजन, फॉस्फरस मात्र फिरत राहतात. विघटकांनी सुटे केले की मुळं ते पुन्हा उचलतात. हे फिरणं एका जंगलापुरतंही नसतं. ॲमेझॉनच्या खोऱ्यात पाऊस फॉस्फरस धुऊन नेतो, आणि सहारातून, विशेषतः चाडमधल्या बोडेले या कोरड्या पडलेल्या तळ्याच्या भागातून, वाऱ्यावर येणारी धूळ तो भरून काढायला हातभार लावते. २०१५ सालच्या एका उपग्रहाधारित अंदाजानुसार वर्षाला सुमारे २२,००० टन फॉस्फरस असा अटलांटिक ओलांडून येतो.

*

अभ्यासू_वाचक

मनापासून आभार सप्तपर्णीताई. ऊर्जा वाहते, द्रव्य फिरतं. आता विसरणार नाही. पण सगळी ऊर्जा शेवटी सूर्याचीच ना?

*

सप्तपर्णी

जवळजवळ सगळी. १९७७ साली गॅलापागोसजवळ समुद्रतळावर गरम पाण्याचे झरे सापडले आणि त्यांच्याभोवती अंधारात जीवांची दाट वस्ती दिसली. तिथल्या मोठ्या नळकृमींना तोंड नाही, आतडं नाही. त्यांच्या शरीरातले जिवाणू हायड्रोजन सल्फाइडपासून ऊर्जा मिळवून अन्न बनवतात. पण त्यासाठी हे जिवाणू पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन वापरतात, आणि तो वरच्या उजेडातल्या प्रकाशसंश्लेषणातून आलेला असतो. त्यामुळे ती वस्तीही सूर्यापासून पूर्णपणे तुटलेली नाही.

*

दगडफूल

सहजीवनाचा विषय अजून आलाच नाही, म्हणून लिहितो. परस्परांना फायदा, असं एका ओळीत ते शिकवलं जातं. पण हा फायदा कायमचा ठरलेला नसतो.

केनियाच्या सपाट प्रदेशात ‘व्हिसलिंग थॉर्न’ (सीटी वाजवणारा काटा) नावाची एक बाभूळ असते. तिच्या काही काट्यांचं बूड फुगून पोकळ झालेलं असतं आणि त्यात मुंग्या राहतात. पानांच्या देठाजवळ मधुरसाच्या ग्रंथी असतात. घर आणि रस यांच्या बदल्यात मुंग्या झाड राखतात. जिराफानं जीभ लावली की तुटून पडतात. आता हत्ती, जिराफ यांना कुंपणाबाहेर ठेवलं तर झाड सुखी व्हायला हवं. १९९५पासून तिथे अशी कुंपणं आहेत, आणि टॉड पामर आणि सहकाऱ्यांनी २००८ साली नेमकं उलटं मांडलं. खाणारे गेले म्हणून झाडांनी पोकळ काटे आणि रस कमी केला. राखणाऱ्या मुंग्या दुबळ्या पडल्या आणि त्यांची जागा दुसऱ्या जातीनं घेतली. ही जात झाड राखत नाही. ती खोड पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांच्या बिळांत राहते, म्हणून भुंगेरे वाढले तर तिचं भलंच होतं. कुंपणातली झाडं हळू वाढली आणि जास्त मेली. जिराफ झाडाचा शत्रू, आणि तरीही त्या झाडाचा राखणदार टिकतो तो जिराफामुळेच.

*

निशाचर

याच बाभळीची पुढची कहाणी २०२४ साली आली आणि ती चांगलीच भक्कम आकड्यांवर उभी आहे. तिथे मोठ्या डोक्याची परकी मुंगी शिरली. ती राखणाऱ्या मुंग्यांना मारते आणि स्वतः झाड राखत नाही. मग हत्तींनी झाडं मोडायला सुरुवात केली, आडोसा गेला, मैदान उघडं पडलं. सिंहिणीला दबा धरायला जागा उरली नाही आणि झेब्र्यांना ती लांबूनच दिसू लागली. २००३ साली सिंहांच्या शिकारीत झेब्र्यांचा वाटा ६७ टक्के होता, २०२० साली तो ४२ टक्क्यांवर आला. सिंह मात्र कमी झाले नाहीत, ते रानम्हशींकडे वळले. एवढीशी मुंगी, आणि सिंहाचं भक्ष्य बदललं.

*

ओंजळ

अंगावर काटा आला. मग ‘निसर्गाचा समतोल’ म्हणतात तो नक्की काय असतो? इथल्या सगळ्याच उदाहरणांत सतत काहीतरी बदलतंय.

*

पाणकावळा

माझ्या मते समतोल हा शब्द जपून वापरावा. कुठेतरी ठरलेली आदर्श अवस्था आहे आणि निसर्ग तिकडे परततो, असं चित्र त्यातून उभं राहतं.

आइसलँडजवळचं सर्ट्सी बेट पाहा. १९६३ साली ज्वालामुखीतून समुद्रातून वर आलं. नवीकोरी जमीन, माती नाही. १९६५ साली पहिलं फुलझाड दिसलं. पुढची वीस वर्षं प्रगती अगदी संथ, कारण राखेत नायट्रोजनच नव्हता. १९८०च्या दशकाच्या मध्यापासून कुरव पक्षी वसाहत करून राहू लागले, त्यांच्या विष्ठेनं जमिनीला खत मिळालं आणि वसाहतीभोवती हिरवळ दाट होत गेली. पक्ष्यांनी समुद्रातलं अन्न खाऊन जमीन घडवली. उघड्या जमिनीवर जीव असे टप्प्याटप्प्यानं येत जातात, याला अनुक्रमण म्हणतात. पण पक्षी दुसऱ्या टोकाला उतरले असते तर हिरवळही तिथेच आली असती. यात योगायोगाचा भाग मोठा आहे.

*

मृद्गंध

उशिरा आले, पण एक भर घालते. ‘अमुक जीव चांगला, तमुक वाईट’ हे विधानही जागेवर अवलंबून आहे. गांडूळ म्हटलं की आपल्या मनात चांगलंच येतं, आणि जिथे ते मूळचं आहे तिथे ते खरंही आहे. पण उत्तर अमेरिकेच्या उत्तर भागात हिमयुगातल्या बर्फानंतर मूळची गांडुळं उरलीच नव्हती. तिथली जंगलं हजारो वर्षं त्यांच्याशिवाय वाढली. पडलेली पानं बुरशी आणि जिवाणू सावकाश कुजवत, आणि जमिनीवर पानांची जाड, मऊ गादी साठत जाई. बिया त्या गादीत रुजत, सॅलमँडर तिच्या ओलाव्यात राहत, जमिनीवर घरटं करणारे पक्षी तिच्यात लपत.

युरोपातून माणसांबरोबर गांडुळं आली. रोपांच्या मातीतून, जहाजांत भारासाठी भरलेल्या मातीतून, आणि पुढे गळाला लावायच्या आमिषातून. ती जिथे पसरली तिथे ही गादी काही वर्षांत संपते. रोपं कमी होतात, रानफुलं जातात, उघडी माती दिसू लागते. गांडूळ स्वतःहून वर्षाला जेमतेम काही मीटरच पसरतं, त्यामुळे त्याचा लांबचा प्रवास माणसाच्याच हातून होतो. एकदा जंगलात रुजलं की काढून टाकायचा उपाय नाही. म्हणून तिथे मासेमारी करणाऱ्यांना सांगितलं जातं की उरलेलं आमिष काठावर सोडू नका, कचऱ्याच्या डब्यात टाका.

*

ओंजळ

मृद्गंध, हे अजिबातच माहीत नव्हतं. ज्या जंगलांत गांडुळं अजून पोचली नाहीत, तिथली जमीन ओळखायची कशी?

*

मृद्गंध

हातानं पानं बाजूला करायची. गांडुळं नसतील तर आधी यंदाची अख्खी पानं लागतात, त्याखाली गेल्या वर्षीची जाळीदार झालेली, त्याखाली पांढऱ्या बुरशीच्या धाग्यांनी विणलेला काळपट भुगा, आणि मग खनिज माती. थर सुटे सुटे दिसतात. गांडुळं असतील तर यंदाच्या पानांखाली एकदम माती लागते, तीही बारीक गोळ्यागोळ्यांची. बघून झालं की पानं होती त्याच क्रमानं परत ठेवायची.